मऊ केलेले बूट

नव्या कोचने भर मैदानात माझा उजवा पाय उचलून हातात धरला. घोड्याला नाल ठोकताना धरतात तसा, मागून, गुडघ्यात दुमडून. मी एका पायावर उभा. समोर पंधरा पोरं बसलेली. कोचने माझ्या टाचेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "बघा रे. याला पाय म्हणत नाहीत. खूर म्हणतात. खिळा ठोका, ओरडणार नाही."

पोरं हसली. मग कोचने कॅप्टनला हाक मारली. "समीर, तुझा नवा बूट आण." समीरचा बूट माझ्या तळव्याला लावून पाहिला. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. "साईज एकच आहे," म्हणाले आणि पाय सोडून दिला. सोडला कसला, टाकला. मी तोल जाऊन मातीत बसलो. पोरं परत हसली. मीपण हसलो. बाकी सगळं विसरेन, पण मी हसलो ते नाही विसरत.

उल्हासनगरचं कॉलेज. ऐंशीनंतरची वर्षं. मी सेकंड इयरला. घर बारवी रस्त्याला, ठाकूरवाडीत. फुटबॉल शिकलो आश्रमशाळेत. तिथल्या मास्तरांनी एक बॉल आणला होता, चाळीस पोरं आणि एक बॉल. बूट कुणी बघितले नव्हते. कॉलेजातले जुने सर भले होते. मी अनवाणी खेळायचो, ते खेळू द्यायचे. ते रिटायर झाले आणि हे आले. मुंबईच्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीकडून खेळलेले. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, अर्धं बोलणं इंग्लिशमध्ये. पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. बूट नाहीत तो टीममध्ये नाही.

माझी उजव्या विंगची जागा गेली. तिथे समीरचा एक दोस्त उभा केला. त्याला बॉलची भीती वाटायची. बॉल आला की हा तोंड फिरवायचा. सीझनची पहिलीच मॅच आम्ही चार गोलने हरलो. मी बाहेर बसून बघितली. आमचा गोलकीपर जीतू, कॅम्प तीनचा सिंधी पोरगा, घरी जीन्स शिवायचं काम, तो मॅचनंतर माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "यार, तू असतास तर निदान दोन तरी कमी खाल्ले असते." त्यानंतरच्या आठवड्यात तो पायाचा तमाशा झाला.

दुसऱ्या दिवशी कोचने ते नवे बूट माझ्या हातात ठेवले. "घाल. रोज घाल. नीट तयार कर." बस्स, एवढंच. मला वाटलं, दिले. अहो, का नाही वाटणार? काल बेइज्जती केली, आज मनाला लागलं असेल माणसाच्या. मी त्यांच्या पाया पडलो. हो, वाकून पाया पडलो.

बूट कसले, लाकडाचे ठोकळे. जाड कातडं, खाली मातीत रुतायला खिळ्यांनी मारलेले स्टड. वाडीत आणले तर सगळी पोरं हात लावायला आली. आयने करंजाचं तेल काढून दिलं. रोज तेल चोळायचो. ओल्या पेपरचे बोळे कोंबून ठेवायचो. सकाळी कॉलेजची गाडी पकडायला वाडीपासून कुळगावपर्यंत तेच घालून चालायचो, डांबर सोडून कडेच्या मातीतून, स्टड झिजू नयेत म्हणून. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. अनवाणी पायाला काटा टोचत नाही, पण बूट चावतो. खूर म्हणाले होते ना? त्या खुरातून रक्त येत होतं. आय फडकं बांधताना म्हणाली, "नको घालू रं पोरा. पाय जाईल." मी म्हटलं, "आये, होईल मऊ."

कोच रोज विचारायचे, "काय, झाले का मऊ?" आणि मी येडा, मला वाटायचं हा माणूस माझ्या पायांची चौकशी करतोय.

दुसऱ्या मॅचला मला घेतलं. समीर तेव्हा जुन्या बुटांत खेळला. आम्ही एक गोलने मागे होतो. शेवटच्या दहा मिनिटांत मी विंगवरून आत घुसलो आणि गोल मारला. बरोबरी झाली. हरता हरता वाचलो. जीतूने मला खांद्यावर घेतलं. बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला. पण बूट मऊ झाले होते. पायाला बसले होते, अगदी माझ्या पायाच्या वळणाने.

तिसऱ्या मॅचला अंबरनाथच्या एका कारखान्याचे साहेब येणार होते. कारखान्याच्या टीमसाठी पोरं बघायला. ज्याला घेतील त्याला कायमची नोकरी. आमच्या वाडीतलं कुणीही तोवर कारखान्याच्या गेटच्या आत, मजुरी सोडून, गेलं नव्हतं. मला त्या साहेबांनी फक्त एकदा पळताना बघावं, एवढंच हवं होतं.

मॅचच्या आधी मी लेस बांधून उभा राहिलो. कोच आले. बरोबर समीर.

"काढ."

"काय सर?"

"बूट काढ. समीरचे आहेत. नवे होते तेव्हा त्याला चावत होते. आता तयार झाले ना? शाब्बास."

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं. पाय का मोजला, साईज का बघितली, रोज का विचारत होते. समीरचे वडील कॉलेजच्या कमिटीवर. त्यांच्या पोराच्या टाचेला फोड येऊ नये म्हणून माझ्या टाचा वापरल्या होत्या.

"मग मी काय घालू?"

"तू आज बस. रेफरी अनवाणी घेत नाही."

समीरने हात पुढे केला. माझ्याकडे बघितलंपण नाही. जीतू मधे पडला. "सर, पिछला गोल इसने मारा है. याला बसवणार?" कोच म्हणाले, "तू आपला गोल सांभाळ."

मी खाली बसलो. लेस सोडल्या. दोन्ही बूट काढले. मैदानाच्या कडेला रेघा मारायचा चुना कालवलेलं पिंप होतं. मी दोन्ही बूट त्या पिंपात घातले आणि कोपरापर्यंत हात घालून तळाशी दाबून धरले. हातांना चुना लागला, आग आग झाली. तरी धरले. ज्याने कधी कातडं हाताळलंय त्याला माहीत असतं, असं भिजून वाळलेलं कातडं परत पहिल्यासारखं होत नाही. बाहेर काढून समीरच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, "कातडं तुझं. घे. मऊपणा माझा होता, तो मी काढून घेतला."

कोचने थोबाडीत मारली. "जंगली," म्हणाले. मी नजर खाली केली नाही. त्या दिवशी हसलोपण नाही.

समीर जुन्या बुटांत खेळला. दोन गोलने हरलो. कारखान्याचे साहेब हाफ टाइमलाच उठून गेले. खोटं कशाला बोलू, टीम हरली तेव्हा मला बरं वाटलं. आणि साहेबांची पाठ बघून रडू आलं. दोन्ही खरं.

प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर टाईप केलेला माफीनामा तयार. मी माझ्या रानटी वर्तनाबद्दल क्षमा मागतो, असं त्यात लिहिलेलं. "सही कर. परत टीममध्ये घेऊ. कारखान्याकडे नावपण पाठवू. नाहीतर खेळ विसर." मी म्हटलं, उद्या सांगतो.

घरी बापाला सगळं सांगितलं. बा कोयत्याला धार लावत होता. ऐकत राहिला, मग म्हणाला, "कर सही. आपल्याला असाच असतो." आणि हात न थांबवता सांगायला लागला. आम्ही सावकाराचा जो माळ कसायचो, तो तिसरा माळ. आधीचे दोन असेच. माळ पडीक असताना सावकार म्हणायचा, कर तू. बा झुडपं तोडायचा, दगड उपसायचा, बांध घालायचा. तीन-चार वर्षांनी भात बऱ्यापैकी यायला लागलं की सावकाराचा माणूस येऊन सांगायचा, आता सोड, पलीकडचा घे. "आता याचापन निरोप आलाय," बा म्हणाला. "भात काढला का सोडायचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाचा राग आला, सावकाराचा आला, कोचचा आला. सगळ्यात जास्त मी वाकून पाया पडलो त्याचा आला. कोचने नवीन काहीच केलं नव्हतं. आम्हाला घरातूनच सवय होती. दुसऱ्यासाठी मऊ करायचं आणि शाब्बासकी घेऊन बाजूला व्हायचं.

सकाळी कॉलेजात गेलो. माफीनाम्यावर सही केली नाही. कोरे कागद घेतले आणि झालेलं सगळं लिहिलं, दोन प्रतींत. पाय धरला ते, खूर म्हणाले ते, बूट, थोबाडीत मारली ते. खाली माझं पूर्ण नाव, वाडीचं नाव, जातीचं नाव. जीतूने साक्षीदार म्हणून सही केली, न विचारता. क्लार्क कागद घेईना. म्हणाला, "प्राचार्यांना विचारून घेतो, ठेव इथे." मी म्हटलं, "ठेवत नाही. शिक्का मारा, आवक नंबर द्या, माझ्या प्रतीवरपण मारा." तो चिडला, जेवायला गेला, परत आला. मी खिडकीपाशीच उभा. शेवटी त्याने शिक्का आपटला.

टीममध्ये मला परत घेतलं नाही. कारखान्याकडे नाव गेलं नाही. कोच तिथेच राहिले. कागदाचं उत्तर कधी आलं नाही, ती प्रत माझ्याकडे आहे.

भाताची कापणी झाली आणि सावकाराचा माणूस बांधावर आला. बा हात जोडायला लागला. मी त्याचे हात धरून खाली केले. त्या माणसाला सांगितलं, "जा, सांगा. माळ आम्ही फोडलाय, बांध आम्ही घातलेत. उद्या तहसील कचेरीत कूळ म्हणून अर्ज देतोय. तिथून हाकललं तर पुन्हा अर्ज देऊ."

तो म्हणाला, "पोरा, तुला समजतंय का तू कुणाशी बोलतोयस?"

मी म्हटलं, "समजतंय. म्हणूनच बोलतोय. हा माळ आम्ही सोडणार नाही."