बाणाला हात लावायचा नाही

“उतरवू नका.” मान वर न करता, तळहात तेवढा हवेत उचलून ते हे दोन शब्द म्हणायचे आणि वाळूनं भरलेला ट्रक आमच्या गेटवर मुकाट उभा राहायचा.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत ते स्टोअरकीपर. मी समोरच्याच डिस्पॅचच्या टेबलावर, म्हणजे नाटकाच्या पहिल्या रांगेत. सगळे त्यांना आण्णा म्हणत. चलनावरची तारीख पुसट असली किंवा ड्रायव्हरच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असलं, की आण्णांचा तळहात वर. कायदा सोपा होता. “उतरवलं म्हंजे घेतलं. मग रडून उपयोग न्हाय.” माल जमिनीला टेकला की स्टोअरनं तो मान्य केला, नको असलेला माल गाडीतच राहिला पाहिजे.

आता यातली मजा ऐका. कबनूरहून यंत्रं पुसायच्या सुती चिंध्या घेऊन एक टेम्पोवाला यायचा. आण्णांनी त्याला इतक्या वेळा आणि इतके तास उभं केलं, की रोज डबा घेऊन येणाऱ्या आण्णांच्या मुलीला तो तोंडपाठ झाला. एके दिवशी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. आण्णांनी चिंध्या परत पाठवल्या आणि जावई उतरवून घेतला, असं आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो. त्यांच्यासमोरच म्हणायचो. ते भाकरी मोडत राहायचे. मुलीशी बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद.

पुढं चलनं मोबाइलवर यायला लागली आणि आण्णांना स्मार्टफोन घ्यावा लागला. शिकवायचं काम मी आनंदानं अंगावर घेतलं.

“हे धुरकट दिसतंय ते काय?” त्यांनी विचारलं.

“फाइल हाय, आण्णा. अजून फोनात आली न्हाय. हा खाली तोंड केलेला बाण दाबला की डाउनलोड होती. म्हंजे उतरती.”

त्यांचे डोळे चमकले. “आणि न्हाय दाबला तर?”

“गेटवर उभी.”

“किती दिस?”

न उतरवलेली फाइल काही आठवड्यांनी नाहीशी होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण समोरचा चेहरा असा काही खुलला होता, की मला मोह आवरला नाही. “कायमची,” मी म्हटलं.

झालं. फाइल आपोआप उतरायची सोय त्यांनी माझ्याकडूनच बंद करून घेतली. चलनं तेवढी आत, बाकी सगळं गेटवर. परचेसच्या साहेबांनी मुलाच्या लग्नाचे फोटो पाठवले. आण्णा ते धुरकट चौकोन मला दाखवत आणि समाधानानं म्हणत, “सव्वा महिना उभं हाईत, बघा.” साहेबांनी विचारलं, “कसे वाटले फोटो?” आण्णा म्हणाले, “तपासणी चालू हाय.”

मग एका दुपारी मुलीचा व्हिडिओ आला. खाली एवढंच लिहिलेलं: “बाबा, बघा, चालाय लागला.” बाणाच्या मागं एक लालसर डाग आणि त्याच्या मधोमध एक गोळा. कोण चालायला लागला, हे आण्णांना कुणी सांगायला नको होतं. नातू झाल्याचं त्यांना आमच्याकडूनच कळलं होतं.

रोज जेवणाच्या सुट्टीत ते तो डाग उघडून बसत. आम्ही भोवती जमायचो. एकजण म्हणाला, हा गोळा म्हणजे कुकर आहे. दुसरा म्हणाला, छे, उशी. मी म्हटलं, “आण्णा, नातू उन्हात उभा हाय. घ्या की आत.”

“बघाय पायजे तर उतरवाय लागतंय,” ते म्हणाले. “आणि उतरवलं म्हंजे घेतलं. नातू आला की त्याचा बापबी आला.”

बोट बाणापर्यंत जायचं. आमचे श्वास रोखलेले. बोट परत डब्याकडं. मला, खरं सांगतो, इतकी करमणूक कुठल्या तमाशानं दिली नाही. त्या एका बाणावर आमचे सहा महिने मजेत गेले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल आणि नारळ आणून ठेवले होते. मॅनेजर यायचे होते. आण्णांनी स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खिशातून फोन काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “ह्यो आज आत घेतो.”

मी लगेच खुर्ची मधोमध ओढली, आण्णांना बसवलं, टाळ्या सुरू केल्या. त्यांनी बाण दाबला. चक्र फिरलं, थांबलं आणि एक वाक्य आलं. मीच ते मोठ्यानं वाचलं: ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

आम्ही पोट धरून हसलो. आण्णांनी मुलीला फोन लावला. आवाज बारीक कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

“बोला, बाबा.”

“ते पाठवलं हुतंस की. परत पाठव.”

“कुठलं?”

“चालतंय ते.”

“ते व्हय. बघितलासा की तवाच. निळ्या खुणा आलत्या.”

मेसेज उघडला की पाठवणाऱ्याकडं खूण निळी होते. फाइल उतरवली की नाही, ते तिला दिसत नाही. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

“बघितलं न्हाय,” आण्णा म्हणाले. “उभं हुतं.”

“उभं काय असतंय, बाबा? महिनाभर रोज फोन बघत हुतो मी. एक शब्द आला न्हाय तुमचा. मग फोन भरला, तवा व्हिडिओ काढून टाकला.”

“मग आता काढ की परत. चालताना.”

तिच्याकडून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता.

“आता पळतोय त्यो,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. “कायमचं राहतंय म्हटला हुतासा.”

“गंमत केली, आण्णा.”

त्यांनी मान हलवली आणि फोनमधल्या बाकीच्या फाइली उघडायला सुरुवात केली. लग्नाचे फोटो, दिवाळीची भेटकार्डं, सहलीचे व्हिडिओ. एकेका बाणावर बोट ठेवत गेले. दर वेळी तेच वाक्य. पहिली चार-पाच आम्ही हसत मोजली, मग मोजणं थांबलं. मॅनेजर येऊन दारात उभे राहिले.

“आण्णा, शाल घ्यायची न्हवं?” मी हळूच म्हटलं.

“जरा थांबा,” ते म्हणाले. “ह्यो तरी उतरतोय का बघतो.”

मी नारळ घेऊन उभा होतो.