वहिनी यंत्रात जातात

भय नावाची गोष्ट आमच्या वहिनींना ठाऊक नाही. हंसांचं सोडा. परदेशात आम्ही राहायचो त्या एनिस गावातून जी नदी वाहते तिच्यात हंस आहेत, आणि त्यांतला एक एकदा पाण्याबाहेर येऊन वहिनींकडे नुसता बघत उभा राहिला, तेव्हापासून त्या पूल टाळून लांबच्या रस्त्याने बाजारात जातात. पण हंस वगळता या भूतलावरच्या कुठल्याही अधिकाऱ्यापुढे, बँक मॅनेजरपुढे किंवा पुण्याहून राहायला आलेल्या सासूपुढे त्यांचा आवाज खाली आल्याचं मी ऐकलेलं नाही. वहिनी म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मित्राची बायको. मी त्या गावात एकटाच राहत होतो, आणि लॉकडाउनमध्ये एकट्या माणसाला कुठल्याही एका कुटुंबात मिसळायची सरकारी परवानगी होती. ते कुटुंब मी निवडलं असं मी लोकांना सांगतो. खरं तर वहिनींनी फोन करून कळवलं होतं, "भावजी, तुम्ही आमच्यात. रात्री जेवायला या, आणि येताना कोथिंबीर आणा."

त्या जानेवारीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. संक्रांतीला ही बंदी लागू नाही असा वहिनींचा समज होता, किंवा समज नव्हता पण निश्चय होता. शेजारच्या गावातल्या मराठी डॉक्टर जोडप्याला तिळगूळ पोचवायला त्या निघाल्या. डबा धरायला मी होतो. रस्त्यात एका कोवळ्या पोलिसाने गाडी अडवली आणि प्रवास अत्यावश्यक आहे का, असं विचारलं. वहिनींनी मास्कच्या आडून होय म्हणून सांगितलं आणि कागदात गुंडाळलेला एक लाडू खिडकीतून त्याच्या हातावर ठेवला. आमच्यात हा ज्याने खाल्ला त्याला वर्षभर गोड बोलावं लागतं, ही अट त्यांनी लाडू त्याच्या तोंडात गेल्यावर सांगितली. त्याने आम्हाला परत पाठवलं, पण इतक्या गोड शब्दांत की वहिनी परतीच्या वाटेवर समाधानी होत्या.

वहिनींची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, आणि मावशीही. आपल्याकडे अशी बातमी स्वयंपाकघरात, नळ सोडून सांगतात, आणि त्या दुखण्याला 'ते' म्हणतात. वहिनी त्याचं पूर्ण नाव घेत, दुकानाच्या रांगेत, दोन मीटरचं अंतर राखून, म्हणजे पुरेशा मोठ्याने. रक्ताच्या तपासणीत तो आनुवंशिक दोष त्यांच्यातही निघाला, तेव्हा डॉक्टरांनी दरवर्षी छातीचा एमआरआय करायला सांगितलं. तरुण वयात साध्या एक्स-रेतून निसटू शकतं ते यात दिसतं, हाताला गाठ लागण्याच्या कितीतरी आधी, हे वहिनींनी मला भेंडी चिरता चिरता समजावलं. मान हलवावी की नजर वळवावी हे मला कळत नव्हतं. "मुलगी मोठी होईपर्यंत मला इथे असायचंय, भावजी. बाकी माझं काही मागणं नाही," असं म्हणून त्यांनी भेंडी फोडणीत टाकली.

ऑनलाइन हळदीकुंकवाला त्यांनी कहरच केला. तांत्रिक साहाय्यक म्हणून मी टेबलाच्या पलीकडे होतो, म्हणून हे मला ठाऊक. काठापदराच्या साड्या नेसून गॉलवेपासून ट्रलीपर्यंतच्या गावांतल्या मराठी बायका पडद्यावर जमल्या होत्या आणि आता उखाणे होणार होते. वहिनी म्हणाल्या, नवऱ्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. प्रत्येकीने आपल्या आईचं, मावशीचं, आजीचं आणि विसरू नका, आत्याचं काय झालं ते सांगा, कारण हा दोष वडिलांकडूनही येतो. कुणाच्या तरी सासूबाई चौकटीत डोकावून म्हणाल्या की सणासुदीला असलं बोलू नये. वहिनींनी त्यांनाच पहिला प्रश्न विचारला. मग एकेक माइक उघडत गेला. दिवाणखान्यात वर्षानुवर्षं कोणी काढली नसती अशी नावं त्या संध्याकाळी निघाली, आणि दोघीजणींनी सकाळी डॉक्टरांकडे फोन करायचं कबूल केलं. भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतल्या एकानेही कुणाला सकाळी फोन करायला लावलेलं मला आठवत नाही.

तपासणीच्या दिवशी सोबतच्या माणसांना हॉस्पिटलात प्रवेश नव्हता. मित्र आणि मी गाडीतच थांबलो. आत धातू चालत नाही, म्हणून वहिनींनी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिनासुद्धा काढून नवऱ्याच्या हातात दिल्या. जाताना मागच्या सीटवर थालीपिठं आहेत, थंड करू नका, असं बजावलं आणि ताठ मानेने आत गेल्या. त्या यंत्रात पालथं झोपायचं, छातीसाठी दोन खळगे असतात, हात डोक्यापुढे, शिरेतून औषध सोडतात, आणि रस्ता खोदताना होतो तसल्या आवाजात जराही हलायचं नाही. मित्र सगळा ऐवज ओंजळीत धरून बसून राहिला. थालीपिठं थंड झाली. वहिनी बाहेर आल्या आणि गाडीत जोडवी चढवत एवढंच म्हणाल्या, "इतका वेळ मला कोणी हाक मारली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच."

पुढच्या आठवड्यात फोन आला. काही चित्रं पुन्हा काढावी लागतील, परत या. का, ते मित्राने विचारलं नाही. त्याला विचारवलंच नाही. त्या संध्याकाळी मी जेवायला गेलो तर स्वयंपाकघरात अंधार होता आणि वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या घरात वहिनींना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी काहीतरी धीराचं बोललो. पुन्हा बोलावतात त्यांतल्या बहुतेकांना काही नसतं वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"आईलाही असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "परत या, काही नाही."

मग उठून त्यांनी दिवा लावला आणि कुकर चढवला. मुलगी झोपेपर्यंत त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, रोग, वंश, शक्यता, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हळदीकुंकवातल्या त्या दोघींना फोन करून विचारलं, डॉक्टरांची वेळ घेतली का? मी आयुष्यात पुतळे पुष्कळ पाहिले. कुणापुढे टोपी काढावीशी वाटली ती त्या सकाळी, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर टोपी नव्हती.

दुसरी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा वहिनींनी तो स्पीकरवर टाकला. सगळं स्वच्छ आहे, पुढच्या वर्षी या, असं बाई म्हणाल्या. मित्र मागच्या अंगणात गेला आणि नीट ठेवलेले कचऱ्याचे डबे पुन्हा नीट ठेवू लागला. वहिनींनी खिडकीतून त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग फोनकडे वळून, एवढं स्वच्छ होतं तर मला दोनदा का बोलावलंत, असं त्यांनी विचारलं. त्या देशात काहीही सांगण्याआधी क्षमा मागतात, तशी बाईंनी ती मागितली. पहिल्या वेळी चित्रं हलली होती, त्या म्हणाल्या, कारण पेशंट आत गाढ झोपली होती आणि घोरत होती.