म्हशीची सावली आणि गाडीची वाकळ

आमच्या आप्पांनी फौजेत ट्रक चालवला, तोही बर्फात. तिथं रात्री बॅटरी काढून बराकीत उबेला ठेवायची, नाहीतर सकाळी ट्रक हलायचा नाही. पुढं पेन्शनवर आष्ट्याजवळच्या आमच्या गावी आले, ऊस लावला, जुनी गाडी घेतली, पण ती सवय काही सुटली नाही. दिवाळी सरली की रोज संध्याकाळी बॅटरी काढायचे आणि आईनं स्वतः शिवलेल्या वाकळेत गुंडाळून चुलीपासून दोन हातांवर स्टुलावर ठेवायचे. आमच्या गावची थंडी ती केवढी! एक स्वेटर आणि दोन कप चहाची.

"आवं, मला कवा एवढं जपलं न्हाई," आई म्हणायची.

"तुला धक्का मारून चालू करावं लागत न्हाई," आप्पांचं उत्तर तयार असायचं.

उन्हाळ्यात मात्र गाडीला कुणी विचारत नसे. दारात एकच कडुनिंब, आणि त्याची सावली म्हशीची. गाडी पत्र्याच्या शेडला चिकटून भर उन्हात. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसायचा. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, कारण दूध म्हैस देते, गाडी देत नाही.

मी कुपवाडला एका लहानशा कारखान्यात कामाला जाते. तिथल्या कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला मी एकदा हे वाकळेचं सांगितलं, तर तो पोट धरून हसला.

"ताई, आपल्याकडं थंडी बॅटरी मारत न्हाई, ऊन मारतंय. आतलं पाणी आटतंय, प्लेटा खराब हुत्यात. चोरी उन्हाळ्यात हुती, आन कळती थंडीत."

गाडी सावलीत लावा, उन्हाळ्यात अधनंमधनं पाणी बघा, कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली की साफ करा, आणि थंडीच्या आधी एकदा तपासून घ्या, असं त्यानं बजावलं. मी ते जसंच्या तसं आप्पांना सांगितलं. चूक एवढीच, की जेवताना सांगितलं.

"बर्फात ट्रक चालू केल्यात म्या. मला शिकवतीस व्हय?"

"मग घेऊन बसा बॅटरी मांडीवर!" म्हणून मी ताटावरून उठले. राग नाकावर असतो माझ्या, आणि तो कुणाकडून आलाय हे गावाला ठाऊक आहे.

जानेवारीत धाकट्या बहिणीचं पोलिसाचं ट्रेनिंग संपलं. सकाळी नऊला साताऱ्यात तिचं संचलन होतं. पोरीला वर्दीत चालताना बघायचं, एवढीच आप्पांची इच्छा. आठ दिवस आधीच कोटाला इस्त्री झाली, मेडलं घासून झाली. त्या दिवशी सहाला आम्ही तिघं गाडीत बसलो. आप्पांनी चुलीजवळची ऊबदार बॅटरी जोडली आणि चावी फिरवली.

कट्. कट् कट्. मग तेही नाही.

आप्पांचा चेहरा असा पडला की माझा राग तिथल्या तिथं गळाला. "सांगत होते ना" हे ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं आणि रस्त्यावर पळाले. ऊस भरून निघालेला एक ट्रॅक्टर हात करून थांबवला. ट्रॅक्टरवाल्यानं वायरी काढून आपल्या बॅटरीवरून जोडल्या आणि गाडी घुरघुरली.

"काका, वाटंत बंद करू नका," ट्रॅक्टरवाला ओरडला. "हिच्यात जीव न्हाई उरला!"

मैदानाबाहेर पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होती. आप्पा स्टेअरिंग सोडेनात.

"तुमी जावा. मी हितं इंजिन चालू ठिवून बसतो. बंद पडली तर परत कसं जायचं?"

आईनं हात लांबवला, चावी फिरवली, काढली आणि कमरेला खोचली. इंजिन गप्प झालं.

"गाडी कुणीबी ढकलंल. पोरगी एकदाच चालायची. उतरा."

तिसऱ्या रांगेत ती होती. आमच्यासमोरून गेली तेव्हा आप्पा ताठ उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. मला इतका आनंद झाला की मी रडतही होते आणि हसतही होते.

संचलन संपवून बाहेर आलो, तर गाडी अर्थातच ठार मेली होती. बहिणीनं ऐकलं, वळून हाक मारली, आणि तिच्या तुकडीतल्या आठ पोरी कडक इस्त्रीच्या वर्दीत गाडीमागं उभ्या राहिल्या.

"आप्पा, सेकंड गियर! क्लच दाबून ठेवा, मी सांगंन तवाच सोडा!"

जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसानं एका शब्दानं वाद घातला नाही.

"जी, मॅडम!"

पोरींनी जोर लावला. "सोडा!" ती ओरडली. गाडीनं एक आचका दिला आणि सुरू झाली. आई खिडकीतून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होती.

कऱ्हाड मागं पडलं. मग आप्पा समोर बघतच म्हणाले, "नवी बॅटरी घिऊ. आन उन्हाळ्यात गाडी कडुनिंबाखाली लावू. म्हशीला मांडव घालतो."

"आन माझी वाकळ?" आईनं विचारलं.

"आजपास्नं तुझी तुला."

"तुमीबी या वाकळंत," आई म्हणाली, "दोघांना पुरंल येवढी शिवलीया."