एकोणीस अंशांवरचा दुसरा दर्या

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात माझ्याकडे एकदाच काही मागितलं. गेल्या वर्षी होळी नुकतीच झाली होती. रविवारी सकाळी तो उरणच्या बसने पनवेलला माझ्या घरी आला, दाराच्या चौकटीला खांदा घासत आत शिरला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "बाय, मना दर्यातनं सूर्य उगवताना बघाचा हाय. गाडी तू चालव."

मला आधी हसूच आलं. आमचं माहेर उरणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. दर्या आमच्या पश्चिमेला, त्यामुळे दर्यात आम्ही सूर्य पाहिला तो बुडतानाच. सकाळी तो डोंगरामागून येतो, चांगला वर आलेला, दुसरीकडची कामं उरकून आल्यासारखा. दादा साठीला टेकलेला. हे खूळ या वयात कुठून आलं, असं मी विचारणार होते. तेवढ्यात त्याने सांगितलं, की तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलाय.

वडील होडीवाले. ते गेल्यावर होडी विकली आणि दादा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायला लागला. बंदरातून द्रोणागिरीची गोदामं, तिथून पळस्पे, आणि पळस्प्याच्या फाट्यावर माल सांगेल तिकडे वळायचं. पूर्वेला म्हणाल तर फार तर चाकण. मी शिकले आणि खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटले, म्हणून घरात मला सगळं कळतं असा समज आहे. नोकरीतल्या तपासणीत दादा नापास झाला तेव्हा समजलं, की त्याला काचबिंदू आहे आणि तो फार पुढे गेलाय. बाजूचं दिसणं संपलं होतं. मधलं तेवढं उरलं होतं, नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

"जलमभर बुडताना बघला," दादा म्हणाला. "एकदा उगवताना बघू दे. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

मी म्हटलं, विमानाने जाऊ, दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य बघून परत येऊ. त्याने मान हलवली. त्याला आपल्या किनाऱ्यावरून निघून समोर, सरळ, कुठेही न वळता पलीकडच्या किनाऱ्याला लागायचं होतं. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरलेल्या दिशेवरून हलू द्यायची नाही, ही वडिलांची शिकवण. आणि दादाचा जन्म गेला होता लोकांच्या मालापायी वळण्यात. त्याची ही एक हौस मला कळली. बाकी सगळं वेडेपणाचं वाटलं तरी ही कळली.

कॉलेजात भिंतीवरून उतरवून ठेवलेला भारताचा मोठा नकाशा मी मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. आमचं माहेर एकोणीस अक्षांशाच्या किंचित खाली. नकाशात वीसची रेघ छापलेली होती, एकोणीसची नव्हती. आमच्या नशिबात छापील रेघसुद्धा नाही असं पुटपुटत मी पट्टी लावून पेन्सिलने ओढली. रेघ भीमाशंकरच्या डोंगरात घुसली, नगर आणि बीडला चाटून गेली, गोदावरी ओलांडून बस्तरच्या जंगलात शिरली आणि आंध्र-ओडिशाच्या सीमेजवळ दर्यात पडली. दादा नाक कागदाला लागेल इतका वाकून रेघेबरोबर सरकत गेला. त्याला एका वेळी एकच गाव दिसत होतं.

"सरळ हाय की," तो खूश होऊन म्हणाला.

रेघ सरळ होती, रस्ता नव्हता. भीमाशंकरच्या कड्यावर कोकणातून गाडी चढत नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी बोरघाटाने वळसा. पुढे कुठे धरण आडवं, कुठे नदीवर पूल लांब, कुठे नुसतं रान. मी एकेक सांगत गेले तसा तो चिडत गेला. "दर्यात रस्ते नाय, म्हनून सरळ जाता येतं," तो म्हणाला. "जमिनीवर रस्ते केले न् सगळं वाकडं झालं."

तरी दर रविवारी तो यायचा आणि आम्ही नकाशावर बसायचो. मुक्काम कुठे, मासळी कुठवर मिळेल, बीडच्या पुढे काय खायचं यावर भांडायचो. लहानपणीसुद्धा आम्ही इतकं एकमेकांशी बोललो नसू. मी त्याला सांगितलं, की तिकडे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ पाऊण तास आधी उगवतो. त्याने रेघेच्या दोन्ही टोकांवर एकेक बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजे आपल्याला त्यांचा वापरलेला येतो."

एप्रिलात सगळं ठरलं. मी रजा टाकली, गाडी सर्व्हिसिंगहून आणली. आणि दादा अडून बसला.

आमच्या घरचा एक रिवाज आहे. हंगाम सरत आला की फक्त माहितीच्या पाण्यात जायचं. नवी होडी, नवं जाळं, नवं पाणी, सगळं नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडल्यावर. वडिलांनी तो कधी मोडला नाही. दादाने तो आता मोटारीला लावला.

"नारल पडल्याबिगर नव्या पान्यात जावाचं नाय," तो म्हणाला.

"दादा, पाणी कुठे आहे? सगळा डांबरी रस्ता आहे."

"शेवटाला पानीच हाय ना?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती तरी समजावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाय, मोडू नको. डोल्यांचं काम हाय, वाकडं नको व्हायला." तिने अंगणातल्या माडाचा एक नारळ निवडून देवाजवळ ठेवलाही होता, पलीकडच्या त्या दर्याला द्यायला. असा बाजूला काढलेला नारळ आमच्यात घरात फोडत नाहीत.

मला भयंकर राग आला. अजून येतो. आभाळ स्वच्छ होतं, गाडी दारात उभी होती, दादाला नळीभर का होईना दिसत होतं. पण मीही त्याच घरातली. नियम मोडून नेलं आणि वाटेत काही झालं तर, ही भीती माझ्याही मानेवर बसलेली. मी रजा रद्द केली. नारळी पौर्णिमा काय, आलीच, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

पावसाळ्यात दादाला पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली. मी शाई फिरवली, तीही काही दिवसच पुरली. मग त्याने गावाहून जाळं विणायचा दोरा आणला. खरा रस्ता जसा वळत जातो तसा मी तो नकाशावर डिंकाने चिकटवला आणि मुक्कामाच्या ठिकाणी गाठी मारल्या. दादा बोटाने चाचपत जायचा. वहिनी औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालत होती. कोणाचं काही चुकत नव्हतं, आणि दिसणं कमी कमीच होत होतं.

श्रावण लागला आणि एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादाने उठून तिला विचारलं होतं, लाईट गेली काय. बाहेर ऊन पडलं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मधलं उरलेलं तेही गेलं होतं. नारळी पौर्णिमेला दादा वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून मिरवणुकीत चालला. नारळ पाण्यात पडल्याचा आवाज झाला, तसा त्याने माझ्या दिशेने चेहरा केला. चेहरा माझ्या थोडा बाजूला गेला. "नारल पडला," तो म्हणाला. आता निघायला हरकत नव्हती.

मी म्हटलं, तरीही जाऊ. वारा लागेल, लाटा ऐकशील, ऊन तोंडावर येईल. हे सगळं बोलताना मलाच ते खोटं वाटत होतं.

"वारा हितं हाय, लाटा हितं हायेत," तो म्हणाला. "मना बघाचा होता."

पलीकडच्या दर्यासाठी काढलेला तो नारळ वहिनीने माझ्याकडे आणून ठेवला. तिला तो डोळ्यांसमोर नको झाला होता. माझ्याकडे तो फ्रीजवर असतो. फोडता येत नाही, टाकता येत नाही, आपल्या किनाऱ्यावर सोडता येत नाही, कारण तो या दर्याचा नव्हे. हलवला तर आता पाणी वाजत नाही. कोणी पाहुण्याने विचारलं की मी काहीतरी सांगून विषय बदलते.

दादा अजून रविवारी येतो. वहिनी त्याला बसमधून आणते आणि बाजारात जाते. नकाशा टेबलावरच आहे. आम्ही जेवतो स्वयंपाकघरात. तो बसतो, दोऱ्याचं टोक शोधतो आणि बोट निघतं. पळस्प्याला थोडं थांबतं, घाट चढतं, नगर, बीड, मग पुढचा सगळा मुलूख, जो आम्ही दोघांनीही कधी पाहिलेला नाही. मी शेजारी भाजी निवडत बसते आणि गाठ आली की गावाचं नाव सांगते.

परवा बोट शेवटच्या गाठीवर पोचलं. त्यापुढे दोरा नाही, नुसता गुळगुळीत निळा कागद. त्याने बोट उचललं नाही.

"उगवला काय?" त्याने विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? मी तोंड उघडलंसुद्धा. पण दादाशी ते बोलवेना.

"नाय, दादा," मी म्हटलं. "ढग हायेत."

"मंग थांबू," तो म्हणाला, आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिला.