मार्थेची जाऊ

फोन आला तेव्हा मी चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासोळीवालीशी भाव करत होते. गडचिरोलीच्या दवाखान्यातून दीर बोलत होते. "वहिनी... सुनंदा गेली," एवढंच म्हणाले, आणि मग फोनमध्ये नुसता तिथल्या पंख्याचा आवाज येत राहिला. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकते, कुणाला आवडो न आवडो. मनात आलं, बघा, इथंही पुढं गेली! थोरली मी, गुडघे गेले माझे, साखर मला, आणि बोलावणं आधी कुणाला, तर हिला. मग तिथंच सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांशेजारी फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले. मासोळीवालीनं पाणी दिलं, पदरानं वारा घातला. मासोळ्या घ्यायच्या राहूनच गेल्या.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. मी वरोऱ्याची, ती अहेरीकडची. आमचे सासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, नोकरी संपल्यावर चामोर्शीतच घर बांधून राहिले. दर शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या खोलीत ते बायबल वाचायचे, आणि आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत. ख्रिस्ती घरं आमच्याकडे बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे येणाऱ्यांत निम्मे शेजारीपाजारी हिंदूच, धानाच्या बांधीतून पाय धुऊन थेट येणारे. तलावावर जाळं टाकणारे नारायणभाऊ आधी फक्त मासोळ्यांच्या गोष्टीसाठी आले आणि मग कायमचेच येऊ लागले. पुढे सासऱ्यांची नजर गेली. वाचायचं कुणाकडे द्यायचं, म्हणून त्यांनी एक शुक्रवार मला दिला, एक तिला. माझा आवाज चांगला, चर्चमध्ये गाणं मीच उचलायची. मी असं वाचलं की दोन बाया रडल्या. शेवटी मी अर्थही सांगितला, चांगला घोळवून. सुनंदानं आपलं सरळ वाचलं, थांबायचं तिथं थांबली, आणि पुस्तक मिटलं. सासऱ्यांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. मला म्हणाले, "बेटा, तू गोड वाचते. पन तुझ्या वाचन्यात तूच जास्त आयकू येते." सगळ्यांच्या देखत! त्या दिवसापासून शुक्रवारी ती खुर्चीत आणि मी स्वयंपाकघरात, असं जे ठरलं ते ठरलंच. माझ्या पोटात दुखलं का? दुखलं. अजून दुखतं. यात लपवायचं काय आहे?

तिची पद्धत सांगते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एका शुक्रवारी एक अध्याय, क्रम मोडायचा नाही, आणि संपलं की पुन्हा पहिलं पान. कुणाचं लग्न असो, कुणाचं मयत असो, ज्या पानाचा नंबर असेल तेच पान. घराण्यांच्या नावांच्या लांबलचक याद्या असतात, त्याही वाचायच्या. कुष्ठाचे नियम, मंदिराच्या खांबांची मापं, सगळं. लोक जांभया देत, पण उठत नसत. आणि पदरचं काही म्हणून घालायचं नाही. नारायणभाऊ विचारायचे, "बाई, थ्या जाळ्यात मासोळ्या कोनत्या होत्या? मरळ का कतला?" ती पुन्हा बोट फिरवून बघायची आणि म्हणायची, "नाई लिहिलं, भाऊ." भाऊ हिरमुसायचे. मी आतून म्हणायची, सांग ना गं मरळ होत्या म्हणून, तुझ्या बापाचं काय जातं! पण नाही. कुणी विचारलं, हा माणूस नरकात गेला का, तर "नाई लिहिलं." ही बाई वाईट होती का, तर "तिनं असं असं केलं, एवढं लिहिलं हाये." आमच्याकडे वरचेवर येणारे चर्चचे एक पाळक होते. ते मला एकदा म्हणाले, तुमच्या जाऊबाई फार कोरडं वाचतात. मला इतका आनंद झाला की त्यांच्या ताटात मी मासोळीचा डोक्याकडचा तुकडा घातला.

पण त्याच पाळकांनी एका शुक्रवारी माझ्या अंगाचा तिळपापड केला. त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणींचा नंबर आला होता. येशू त्यांच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. मार्था एकटी राबराब राबते, शेवटी चिडून म्हणते, प्रभू, हिला सांगा ना मला हात लावायला. तो म्हणतो, मार्था, तू फार गोष्टींची काळजी करतेस, गरज एकाच गोष्टीची आहे, मरीयेनं चांगला वाटा निवडला आहे. सुनंदानं वाचून पुस्तक मिटलं. पाळकांना राहवलं नाही. त्यांनी अर्धा तास समजावलं की बायकांचा जीव भांड्याकुंड्यात अडकतो, घराघरात मार्था फार झाल्या, मरीया व्हा! मी आत चार शेर तांदळाचा भात निथळत होते, हातावर वाफ घेत. मग जेवायला बसल्यावर हेच पाळक मला म्हणतात, "बाई, रस्सा आहे का आणखी?" मनात म्हटलं, आहे ना, मरीयेला माग!

सगळे गेल्यावर मी सुनंदाला भांडी घासायच्या जागेवर गाठलं. भांडी ती घासायची, ते मान्य करते. विचारलं, "तू काऊन नाई बोलली त्याले? मंग मार्थेच्या घरी स्वयंपाक कोनं केला? जेवले का उपाशी उठले?" म्हणाली, "नाई लिहिलं, बाई." "प्रभू रागावून बोलला का मायेनं?" तिनं हातातलं भाताचं गंज खाली ठेवलं आणि जरा विचार केला. म्हणाली, "आवाज नाई लिहिला. पाळकसायबांनी रागाचा आवाज लावला. तुमी म्हनसान त मायेचा लावता येते. पन लिहिला नाई." म्हटलं, "मंग मायेचा लाव ना एकडाव! माझ्यासाठी लाव! इतके वर्सं तुमाले रांधून घालून राह्यली मी..." आणि मला रडू फुटलं. तिचेही डोळे भरले, हे मी पाहिलं. पण बाईचं तोंड उघडलं नाही. राख लावलेला हात तसाच, आणि मान खाली. एक शब्द टाकला असता तर हिचं काय झडलं असतं? मला दुसरं काही नको होतं. खुर्ची नको होती, पुस्तकही नको होतं. या घरात माझ्या बाजूनं कुणीतरी एक वाक्य बोलावं आणि ते हिनं बोलावं, कारण हिनं बोललेलं सगळे खरं मानत, एवढंच हवं होतं. पुढचे चार शुक्रवार मी तिच्या वाटीत मीठ जास्त घातलं. तिनं मुकाट्यानं खाल्लं.

पाच-सहा महिने गेले असतील. लूक संपला, योहानाचं शुभवर्तमान सुरू झालं होतं. मी आत कांदा चिरत होते आणि बाहेर तिचा आवाज चालला होता. लाजर नावाचा माणूस आजारी पडतो, तो याच दोन बहिणींचा भाऊ. आणि मग तिनं वाचलं की येशूची प्रीती मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाजरवर होती. माझी सुरी थांबली. मार्थेवर... आधी मार्था, आणि मरीयेचं तर नावही नाही, नुसती तिची बहीण! आवाजात चढ नाही, उतार नाही, थांबणंही नाही. पुढं वाचत गेली. भाऊ मेल्यावर येशू येतोय हे कळताच सामोरी कोण जाते? मार्था. मरीया घरात बसून राहते. मी ओट्याला धरून उभी, डोळ्यांतून धारा, आणि कुणी विचारलं तर कांदा हाताशी होताच.

रात्रीची भांडी झाल्यावर म्हटलं, "तुले माहीत होतं." म्हणाली, "हो, बाई." "मी थ्या दिवशी रडून राह्यली होती तेव्हाबी माहीत होतं?" "हो." "बया! सहा महिने पोटात ठेवलं!" तेव्हा ती म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं त तुमाले वाटलं असतं, सुनंदा समजूत काढून राह्यली. आता मी काईच नाई केलं. पानच आलं." आणि हसली. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला कवटाळावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. इतका हेवा मी तिचा कधी केला नव्हता. माझ्या पोटात शेजारच्या घरची गोष्ट संध्याकाळपर्यंत राहत नाही, आणि हिनं एवढं गोड गुपित सहा महिने ठेवलं, खारट रस्सा खात!

पुस्तक एकदा संपून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झालं, आणि मग तिचं दुखणं आलं. नागपूर झालं, चंद्रपूर झालं, शेवटी गडचिरोली. दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसायची, वेणी घालायची, पेज भरवायची. तिथंही नर्सा तिच्याशीच गोड बोलायच्या. मातीच्या दिवशी पाळकांनी भाषण केलं की आमची मरीया गेली, चांगला वाटा निवडणारी गेली, आणि लोकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, वाटा-बिटा काय, हे तिनं वाचलं असतं तर पहिल्याच वाक्याला बोट ठेवलं असतं. कुठं लिहिलंय हो, सुनंदा मरीया होती म्हणून? ती कुणाचीही कुणी नव्हती, माझी जाऊ होती. ती मेल्यावरही तिच्यासाठी भांडायला मलाच लागलं, तेही मनातल्या मनात.

गेल्या शुक्रवारी सवयीनं लोक आले. मी कुणाला बोलावलं नव्हतं. दीर म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच वाचा. एखादं सांत्वनाचं स्तोत्र घ्या." खुर्चीत बसले. पुस्तक मांडीवर, पहिल्यांदा माझ्या हक्काचं. कुठलंही पान उघडू शकत होते. मार्थेचं उघडून इतक्या वर्षांचा अर्थ धो धो सांगितला असता तरी अडवणारं कुणी नव्हतं. जिभेवर आलंच होतं सगळं... पण तिची लाल दोऱ्याची खूण जिथं होती तिथंच उघडलं. निघाली नावांची यादी! मंदिरात कुणाकडे दारं, कुणाकडे पीठ आणि तेल, कुणाकडे काय. म्हटलं, मेली, जातानाही मला हेच ठेवून गेली.

दोन ओळी वाचल्या असतील, नारायणभाऊंनी हात वर केला. "जोरानं वाचा, बाई."

"आयकू नाई येत का?"

"आमाले येते जी. पन सुनंदाबाई मोठ्यानं वाचे. आमी म्हनो, आमी इथीच त बसलो, काऊन वरडते? थे म्हने, तुमच्यासाठी नाई, आतमधी भांडे वाजते, थोरल्या बाईपर्यंत पोचलं पायजे."

बोट ओळीवरच राहिलं. आत गॅस बंद होता, ओटा कोरडा होता, कारण तो पेटवणारी इथं खुर्चीत बसली होती. मी पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला, आणि यादीत तव्यावर भाजायचं काम ज्याच्याकडे होतं त्या माणसाचं नाव स्वयंपाकघरात जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं.