बद्द आवाज

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या माझ्या जुन्या ट्रकच्या चाकांचे नट मी आज प्रथमच हातोडीनं ठोकून पाहत होतो. घट्ट नट खणखणीत वाजतो. पुढच्या चाकाचा एक मात्र बद्द वाजला आणि मी हातोडी खाली घेतली. काल याच चाकावर मी घाट उतरलो होतो, तेही गाणं म्हणत, बायकोला शेजारी बसवून. वेळेवर आलेली भीती सावध तरी करते. उशिरा आलेली नुसती पाहुण्यासारखी ठाण मांडून बसते.

"अहो, थांबलात का?" केबिनमधून बायकोनं विचारलं.

"एक नट सैल आहे."

"तरीच. काल मला वाटलं, गाताना तुमचा आवाजच थरथरतोय."

पान्यानं नट आवळला. शेजारच्या नटावर हातोडी उगारली खरी, पण मारवेना. तो कसा वाजेल, याचीच धास्ती वाटत होती.