देवीला सोडलेला गहू

माझ्या पोटात काय चाललंय हे सासरच्या माणसांना कधीच कळलं नाही. पण माझं पोट त्यांनी जितकं चघळलं, तितकं मी अन्नसुद्धा चघळलं नसेन.

माहेर वलगावचं. वांगी, मिरच्या आणि झेंडू, एवढ्यावर आमचं घर चाले. वडील पहाटे गाडी भरून अमरावतीच्या बाजाराला जात. घरात सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर, आणि तिचं कोणाला काही वाटत नसे. सासरही मळेवाल्यांचंच, पण सासऱ्यांनी हिवरखेडचा मळा भावाकडे सोपवून अकोल्यात भाजीची अडत टाकली होती. अडतीमागोमाग घरात गहू आला आणि गव्हामागोमाग तोरा. "आमच्या घरी भाकर गडीच खातेत," हे सासूबाई आल्या पाहुण्याला पाणी देता देताच ऐकवायच्या. नवरा कचेरीत कारकून होता. साहेबाला भ्यायचा, आईला भ्यायचा, मांजर आडवं गेलं तरी घरी परत यायचा.

लग्नानंतर थोड्याच महिन्यांत माझं पोट बिघडलं. जेवले की पोट फुगून टणक व्हायचं, आत मुरडा पडायचा, आणि मग टमरेल घेऊन परसातल्या संडासाकडे धावायचं. वाटेत ओसरी लागे आणि ओसरीवर सासरे अडतीतल्या मंडळींबरोबर बसलेले असत. माझ्या प्रत्येक खेपेला ती मंडळी बोलणं थांबवत. जिभेला फोड आले, केस मूठमूठ गळू लागले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दिवस राहण्याचं तर नावच नव्हतं. गल्लीतल्या बायका चौकशीला येत आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना विचारत, "आज कसं हाय इचं?" जणू घरात म्हैस आजारी होती.

मग उपचार. एका म्हातारीने बेंबी सरकली म्हणून पोटावर पेटती वात ठेवून तिच्यावर तांब्या उपडा घातला. कातडी भाजली, बेंबी होती तिथेच राहिली. वैद्यबुवांनी नाडी धरून डोळे मिटले आणि 'संग्रहणी' असं म्हणून डोळे उघडले. ताकद येण्यासाठी त्यांनी गव्हाच्या सत्त्वाची खीर सांगितली. त्यांच्यावर विश्वास उडाला तेव्हा डॉक्टर आले. गळ्यात नळी, खिशात घड्याळ. ते म्हणाले, हलकं खायला द्या, मऊ पोळी, दूध, डबलरोटी. ज्वारीची भाकर जड, तिला हातही लावू देऊ नका. वैद्याचं आणि डॉक्टरचं जन्मात कधी पटलं नाही, पण माझ्या पोटात गहू घालण्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. आणि सासूबाई तर काय, सुनेला दिवसातून चार वेळा गहू खाऊ घालतो हे गल्लीला दिसावं म्हणून माझी खीर ओट्यावर निवत ठेवायच्या.

मी खात गेले आणि वाळत गेले.

शेवटी डॉक्टरांनी तपासणीसाठी शौचाचा नमुना नागपूरला पाठवायचं ठरवलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, दवाखान्याची मोठी कामं सगळी नागपूरला. आतड्याचा क्षय असू शकतो, असं ते सासऱ्यांना ओसरीवर म्हणाले. मला कोणी सांगितलं नाही, मी दाराआडून ऐकलं. सासऱ्यांनी लगेच निकाल देऊन टाकला, "नागपूरचं येऊ द्या. क्षय निघाला तं वलगावले पोचवून देऊ. पोराचं दुसरं पाहाच लागन." बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्याची मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली होती. नवरा शेजारी बसून पान लावत होता. त्याने चुना जरा जास्त लावला, एवढंच.

नागपूरची वाट बघण्याच्या त्या दिवसांत मला पंधरा-वीस दिवस माहेरी पाठवलं. वाटलं, तिथे तरी बरी होईन. पण आईच्या लेखी मी आता अकोल्याची सून होते. तिने कुठून कुठून गहू मिळवला, पाखडला, दळला, आणि रोज माझ्या ताटात पोळ्या वाढल्या. बाकीचे शेजारी बसून भाकर आणि मिरचीचा ठेचा खात. मी म्हटलं, "माय, मले भाकर दे वं."

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "लोक काय म्हंतीन? लेक घरी आली आन भाकरीवर ठेवली?"

मग काय, तिथेही टमरेल. सासरी निरोप गेला आणि सासूबाईंना पाहिजे होतं ते मिळालं. माहेरीसुद्धा पोट बरं नाही, म्हणजे पोरीत खोट आधीपासूनची. आमच्या गळ्यात रोगट पोरगी मारली, हे त्या आता उघड बोलू लागल्या.

नवरात्राला मला परत आणलं, कारण घटाला सून लागते. सासूबाईंनी मला नऊ दिवसांचे उपास धरायला लावले. भगर, राजगिरा, दाण्याची आमटी. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट उतरलं. माळेगणिक मी बरी होत गेले. नवमीला तर मी सकाळी उठून सगळं अंगण सारवलं आणि भूक लागली म्हणून हसले. सासूबाईंनी देवीपुढे नाक घासलं. दसऱ्याला पुरणपोळी झाली. संध्याकाळी मी पुन्हा परसात. "काई तरी चुकलं असन इच्या हातून," सासूबाई म्हणाल्या, "देवी उगाच नाई सोडत." नऊ दिवस सांभाळून दहाव्या दिवशी पुरणपोळी पाहून पळून जाणारी देवी मी काही पाहिली नव्हती. मी परसात बसून विचार केला. तेवढी एकच जागा अशी होती जिथे मला विचार करू देत.

गड्यांच्या भाकरी रोज मीच थापत होते. मी एक भाकर जास्त टाकू लागले. घरच्यांसमोर पोळी ताटात घ्यायची, ती गुपचूप गाईला घालायची, आणि चुलीपाशी उभ्या उभ्या भाकर तेलमिठाशी खायची. पंधरवड्यात गालांवर मांस दिसू लागलं. आणि एक दिवस सासूबाईंनी तोंडात घास असतानाच पकडलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या खाली बसल्या आणि कपाळाला हात लावला, घरात चोरी व्हावी तसा.

सासरे म्हणाले, "सून गड्याची भाकर चोरून खाऊन राह्यली. लोकाईले वाटन आमी पोळी देत नाई."

मी सगळं सांगितलं. गहू खाल्ला की होतं, भाकर खाल्ली की होत नाही, नवरात्रात का बरं वाटलं, दसऱ्याला का बिघडलं. सांगताना मला वाटत होतं की आता यांना कळेल. सासरे मनापासून हसले. "गहू कोनाले बाधते काय? भाकरीवर वाढलेलं पोट हाय, त्याले पोळीची सवय नाई." डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा तेही हसले आणि असं कुठे लिहिलेलं नाही म्हणाले. हा शिकलेला, बिनशिकलेला, सगळा शहाणपणा. माझ्या जिवावर बेतलं होतं आणि यांना पोळीची अब्रू पडली होती.

नागपूरचं उत्तर एकदाचं आलं. डॉक्टर स्वतः ओसरीवर येऊन सांगून गेले की काही निघालं नाही. क्षय नाही, जंत नाही, काही नाही. मला दाराआड रडू फुटलं, सुटकेचं. बाहेर सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे नाटकं."

क्षय असता तर आजारी म्हणून पाठवली असती, आता ढोंगी म्हणून पाठवायचं ठरलं. बडनेऱ्याच्या लोकांना होकार द्यायचा राहिला होता. नवऱ्याने मला वलगावला सोडून यायचं, कधी आणायचं ते पुढे बघू. त्या 'पुढे बघू'चा अर्थ मला समजत होता. वलगावला आई पोळ्या करत बसणार आणि मी त्या खाऊन मरणार, तेही लाडाने.

गाडीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. बडनेरा आलं तेव्हा तर त्याने मानही इकडे वळवली नाही. अमरावतीला उतरल्यावर मी म्हटलं, देवीचं दर्शन घेऊन मग वलगावची गाडी धरू. देवीला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

देवळात शुक्रवारची गर्दी होती. मी ओटी भरली, पदर पसरला आणि पुजाऱ्याला, बायकांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याकडे हात करून म्हणाले, "माय, यायचं आयुष्य वाढव. यायच्यासाठी म्या जन्मभर गहू सोडला. गव्हाचा कण माह्या पोटात गेला तं यायच्या जिवाचं तू पाहून घे."

काशीला जाऊन कोणी वांगं सोडतं, कोणी चिंच सोडतं, आणि सोडलेली वस्तू ताटात पडली तर घर हादरतं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. बायका माझ्या पाया पडल्या. पुजाऱ्याने अंगारा दिला. नवऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला शांतपणे सांगितलं, "आता वलगावले सोडा. पन तिथं माय ऐकत नाई, पोळीच वाढते. काई झालं तं माहा दोष नाई."

तो मला घेऊन पुढच्याच गाडीने अकोल्याला परतला.

मी महिनोन् महिने माझ्या पोटाबद्दल खरं बोलले, तर नाटकं. देवळात एकदा खोटं बोलले, तर सती. बडनेऱ्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही, कारण नवरा पहिल्यांदाच बापाच्या तोंडावर नाही म्हणाला. त्याला माझं नव्हे, स्वतःच्या जिवाचं पडलं होतं. सासूबाई आता पाहुण्यांना नवीन वाक्य ऐकवू लागल्या, "आमच्या सुनेनं नवऱ्यासाठी गहू सोडला." धुतलेल्या तव्यावर आधी माझी भाकर, मग बाकीच्यांच्या पोळ्या. मी भरले, उजळले, मला तीन मुलं झाली. फार वर्षांनी एका डॉक्टरने मला सांगितलं की गहू न सोसण्याचा आजार असतो, त्याला नाव आहे. मी म्हटलं, बरं झालं, तुम्हाला कळलं.

नवरा मात्र जन्मभर भीत राहिला. कचेरीला निघण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून तवा बघायचा. लग्नकार्यात बायकांची पंगत बसली की रीतभात सोडून माझ्या मागे येऊन उभा राहायचा आणि वाढणारीचा हात धरायचा, "इले नाई. इचा नेम हाय." लोक हसत. मलाही त्याची कीव यायची, आणि कीवेपेक्षा जास्त काही मी त्याच्यासाठी कधी खर्च केलं नाही, असंच मला वाटत होतं.

तो चांगला म्हातारा होऊन गेला. तेरवीच्या पंगतीला नणंदेने माझ्या ताटात पोळी वाढली. "वयनी, ज्याच्यासाठी सोडला होता तो तं गेला. आता खा सुखानं."

मी ताटाकडे बघत बसले. मागून आवाज यायची वाट बघत होते, हे थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. तेरा दिवसांत आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. पंगत थांबली.

मग पोळी मीच उचलून परत टोपल्यात ठेवली आणि नणंदेला म्हणाले, "इले नाई. इचा नेम हाय."